गावच्या झेडपी शाळेत इंग्रजीसाठी महिन्याला १४ हजार जमतायत, नेमकं काय करावं?

भातखाचर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी मूळचा अकोले तालुक्यातला, आता हिंजवडीत नोकरी. गावच्या जिल्हा परिषद शाळेतच चौथीपर्यंत शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, त्यामुळे एबीसीडी पहिल्यांदा वयाच्या दहाव्या वर्षी बघितली, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला व्हायव्हामध्ये उत्तर माहीत असूनही गप्प उभा राहायचो कारण वाक्य जुळायचं नाही. सरांना वाटायचं अभ्यास केला नाही. असो. २००० पासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आलं त्यामुळे मला वाटत होतं की आताच्या पोरांना तो त्रास नसणार.

गणपतीला गावी गेलो तेव्हा शाळेत चक्कर टाकली. पट २३, शिक्षक दोन, वर्ग पहिली ते चौथी. चौथीतल्या एका मुलीने धडाधड म्हणून दाखवलं, सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर, अशी तीस-चाळीस. मी खुश. मग मी फळ्यावर एम ए टी लिहिलं आणि म्हटलं हे वाच. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली "हे आम्हाला शिकवलं नाही." बाई हसल्या, म्हणाल्या पाठ आहे हो सगळं, वाचता येत नाही.

तर आम्ही कॉलेजचे १४ जण महिन्याला हजार हजार काढायला तयार झालोय, म्हणजे वर्षाचे १ लाख ६८ हजार. आता ग्रुपवर चार मतं आहेत. एक म्हणतो तालुक्याच्या इंग्लिश मीडियममध्ये सहा-सात हुशार मुलांची फी भरू. दुसरा म्हणतो टॅब घेऊन देऊ. तिसरा म्हणतो दर शनिवारी दोघं-दोघं गाडी काढून जाऊ आणि शिकवू (पुण्याहून चार-साडेचार तास एका बाजूला, हे त्याला सांगून झालंय). चौथं मत माझं की गावातलीच एखादी डी.एड. झालेली मुलगी इंग्रजीसाठी मानधनावर ठेवू. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी अनुभव सांगा, काय फसलं ते आधी सांगितलंत तर फार बरं.

धडगावचा मास्तर

आधी काय फसलं ते विचारलंत म्हणून उत्तर देतोय, नाहीतर ह्या विषयावर मी हल्ली बोलत नाही, बायको म्हणते बीपी वाढतं.

मी नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी तालुक्यात शिक्षक आहे, १६ वर्षं झाली. आमची मुलं घरी पावरी बोलतात. शाळेत आल्यावर मराठी शिकतात, म्हणजे मराठीच त्यांची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. एकदा शहरातून दहा-बारा जणांचा ग्रुप आला होता, चांगली माणसं होती वाईट नव्हती, सोबत मोठे रंगीत चार्ट, ए फॉर ॲपल, आय फॉर इग्लू. आता इग्लू मी स्वतः पाहिलेला नाही. दोन तास गाणी म्हणाले, मुलं नाचली, फोटो काढले, बिस्किटं वाटली आणि गेले. जाताना म्हणाले सर पुन्हा येऊ. मुलं पुढचे तीन-चार शनिवार रस्त्याकडे बघायची. मला विचारायची ते कधी येणार. त्यानंतर मी ठरवलं की एका दिवसासाठी येणाऱ्याला वर्गात सोडायचं नाही, टेकडीवर फिरायला न्या हवं तर.

टॅबचं सांगतो. आमच्याकडे ८ टॅब आले लोकसहभागातून. दोन वर्षांत पाच बंद पडले, बॅटरी फुगली, एकाची काच गेली. दुरुस्तीला पैसे कुणी देत नाही कारण दुरुस्तीचा फोटो छान येत नाही. आणि ते जडसंग्रह नोंदवहीत चढवलेले असतात, म्हणजे बंद असले तरी फेकता येत नाही, कपाटात कुलपात ठेवून दरवर्षी मोजून दाखवायचे. माझ्या एका कपाटात नुसती अशी दानशूर लोकांची आठवण आहे.

आता तुमच्या पहिल्या मताविषयी, आणि ह्याच्यावर जरा रागावूनच बोलणार आहे. पट २३ म्हणताय. त्यातली सहा-सात हुशार पोरं उचलून इंग्लिश मीडियमला टाकली की पट १६-१७. वीसच्या खाली गेला की शाळा ज्या यादीत जाते त्या यादीत असलेल्या शाळांचं काय होतं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल, २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचा विषय निघाला तो याच शाळांवरून. म्हणजे तुम्ही सात जणांची फी भरणार आणि राहिलेल्या सोळा जणांची शाळा धोक्यात घालणार, तेही त्यांच्या भल्यासाठी. बरं, हुशार सात जण निवडणार कोण? आणि वर्गात ज्यांच्याकडे बघून बाकीची शिकतात तीच गेली तर मागे बाईंनी कुणाला पुढे करून शिकवायचं?

उरलं तुमचं मत. ते चारांत बरं आहे पण त्यातही खड्डे आहेत, नंतर लिहितो, आत्ता ऑनलाईन माहिती भरायचीये.

सुमन_ठाणे

मास्तरांशी बऱ्यापैकी सहमत. मी बँकेतून रिटायर झाले आणि गेली अडीच वर्षं जव्हारकडच्या एका शाळेत आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर इंग्रजी घेते. मंगळवार आणि शुक्रवार, ११ ते ११:४०. शिकवण्याचा अनुभव शून्य होता, नातवंडांना गोष्टी सांगायचे तेवढाच. तर माझं सगळं अडाणीपण क्रमाने सांगते.

पहिले दोन महिने मी "व्हॉट इज युवर नेम" आणि "हाऊ आर यू" करत बसले. सगळी मुलं एका सुरात "आय ॲम फाइन थँक्यू मॅडम" म्हणायची. एक दिवस एक मुलगा तापाने फणफणलेला, बाकावर डोकं टेकून पडलेला, मी विचारलं हाऊ आर यू, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला आय ॲम फाइन थँक्यू मॅडम. त्या दिवशी मला कळलं की हे इंग्रजी नाहीये, ही आरती आहे.

मग तिथल्या बाईंनीच मार्ग काढला. त्या म्हणाल्या मॅडम, आधी आवाज घ्या, अक्षराचं नाव नको. म्हणजे बघा, मराठीत क चं नाव पण क आणि आवाज पण क. इंग्रजीत सी चं नाव सी आणि कॅटमध्ये आवाज क, आणि सिटीत परत स. आपल्या पोराला हे कुणी सांगतच नाही की इथे नाव वेगळं आणि आवाज वेगळा, ते बिचारं सी-ए-टी जोडून "सीएटी"च म्हणणार ना. तुमच्या त्या मुलीचं एम ए टी तिथेच अडकलंय. आम्ही रोज तीनच आवाज घ्यायचो, म अॅ ट, स अॅ ट, प अॅ ट, मुलं हाताने टाळ्या वाजवत जोडायची. मला आधी वाटलं हे खूपच बालवाडीसारखं होतंय, चौथीच्या मुलांना कंटाळा येईल. उलट झालं. कोडं सुटल्यासारखी झाली. दिवाळीनंतर एक मुलगा बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचत होता स्वतःहून.

आणि एक गोष्ट मी पैजेवर सांगते, ज्यांना मराठी वाचता येत होतं ती मुलं चार-पाच महिन्यांत इंग्रजी सोपी वाक्यं वाचायला लागली, ज्यांना मराठीच अडखळत येत होतं ती इंग्रजीतही तिथेच. म्हणून आता आम्ही ४० पैकी १० मिनिटं मराठी गोष्ट वाचतो. लोक हसतात, म्हणतात इंग्रजीच्या तासाला मराठी. हसू देत.

साहित्य म्हणाल तर विकत काहीच घेतलं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर हजारो गोष्टी फुकट आहेत, एकच गोष्ट मराठीतही असते आणि इंग्रजीतही, डाऊनलोड करून छापायला परवानगी आहे. आधी मराठीतून वाचायची, मग चित्रं तीच आणि शब्द इंग्रजी. मुलांना गोष्ट माहीत असते त्यामुळे शब्द ओळखताना भीती नसते.

व्यवहाराचं: नेटवर्क जातं, आवाज चिरकतो, पावसाळ्यात तर विचारू नका. चार कॉलमधला एक बुडणार हे धरून चाला. चांगला स्पीकर आणि एक बाहेरचा माइक, एवढाच खर्च आम्ही केला. आणि वर्गात शिक्षक बसलेले असल्याशिवाय कॉल सुरू करायचा नाही, एका मुलाशी एकट्याने कॉल करायचा नाही, मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. हे पहिल्या दिवशी ग्रुपमध्ये लिहून काढा, नंतर सांगितलं की माणसं रुसतात.

राजूरकर_पाटील

मीपण अकोल्यातलाच आहे, राजूर पट्ट्यातला. शेती करतो, एक पोरगी एक पोरगा. सगळं वाचलं. राग मानू नका पण एक विचारू का.

भातखाचर भाऊ तुमची मुलं कुठं शिकतात? सुमन ताई तुमची नातवंडं कुठं शिकतात? हिंजवडीला झेडपीची शाळा असेलच की, तिथं टाकलं का कुणी. तुम्ही सगळे आपली पोरं इंग्लिश मीडियमला घालणार आणि आमच्या पोरांना सांगणार की आधी मराठी पक्कं करा, गोष्टी वाचा, टाळ्या वाजवा. आम्हाला कळत नाही का की मातृभाषेत चांगलं समजतं, कळतं की, पण पुढं कंपनीत मुलाखत मराठीत घेणार आहे का कुणी. आमच्या गावात सकाळी सात वाजता पिवळी गाडी येते, त्यात बसलेल्या पोरांचा टाय बघितला की जी पोरं झेडपीत चाललीत त्यांच्या आईचं तोंड उतरतं. हे तुम्हाला पुण्यात बसून दिसणार नाही.

मास्तर म्हणतात पट कमी होईल. मग पट टिकवायची जबाबदारी माझ्या पोराच्या डोक्यावर कशाला? शाळा टिकावी म्हणून मी माझ्या पोराला मागं ठेवू काय.

भातखाचर

पाटील, तुमचा प्रश्न टोचला, आणि टोचायलाच पाहिजे. माझी मुलगी सीबीएसईला आहे. याच्यावर माझ्याकडे छान उत्तर नाही. एवढंच सांगतो की तिच्या शाळेत पण मी बघतोय, पोपटपंची तिथेही आहे फक्त उच्चार चांगले आहेत.

धडगावचा मास्तर

पाटील साहेब, तुमचं म्हणणं मी खोडत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मी पण गाडीच बघितली असती. माझा स्वतःचा मुलगा माझ्याच शाळेत होता पण तो नाइलाज होता, दुसरी शाळा २२ किलोमीटरवर, हे प्रामाणिकपणे सांगतो, त्याला त्याग वगैरे म्हणू नका.

पण एक बघा. त्या पिवळ्या गाडीच्या शाळेत शिकवणारे कोण आहेत ते जरा चौकशी करा. आमच्या इकडे तरी तालुक्याच्या इंग्लिश मीडियममध्ये शिकवणारी बारावी-बीए झालेली मुलंमुली आहेत, चार-पाच हजारावर, आणि त्या बिचाऱ्यांना पण इंग्रजी येत नाही. पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठी, उत्तरं पाठ. मुलाला गणितही कळत नाही आणि इंग्रजीही येत नाही. सगळ्या शाळा अशा नसतात हे मान्य. पण फी भरताना टायकडे न बघता दुसरीतल्या पोराला न शिकवलेलं पान उघडून वाचायला लावा, जी परीक्षा भातखाचर यांनी घेतली तीच. दोन्हीकडे घ्या. मग ठरवा.

हे फक्त आपल्याकडंच नाही. असरचा (प्रथम संस्थेची ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी) अहवाल काढून बघा, २०१६ ला देशभरातल्या ग्रामीण भागातली पाचवीची २४.७ टक्के मुलं सोपं इंग्रजी वाक्य वाचू शकत होती आणि २०२२ ला २४.५. सहा वर्षांत किती टॅब, किती टीव्ही, किती चार्ट वाटले गेले असतील विचार करा. आकडा जागचा हलला नाही.

आता मानधनावरच्या ताईचं, मघाशी राहिलं होतं. खड्डा पहिला, ती आली की आम्ही शिक्षक आळशी होतो. होय, मी शिक्षक असून सांगतोय. इंग्रजीचा तास तिच्या गळ्यात आणि आम्ही कागदं भरत बसतो, कागदं पण खरोखर असतात, खिचडीचा हिशोब, आधार अपडेट, निवडणुकीचं बीएलओचं काम. मग ती सोडून गेली की इंग्रजी पण गेलं. म्हणून तिला स्वतंत्र तास देऊ नका, बाईंच्या सोबत वर्गात बसवा, जी मुलं मागं आहेत त्यांचा छोटा गट ती घेईल आणि बाकीचा वर्ग बाई. खड्डा दुसरा, तुमचे १४ जण. दीड वर्षाने सहा जणांचं लग्न, दोघं कॅनडा, तिघांचा ईएमआय. हे असंच होतं. तिला आधीच सांगा की पैसे किती महिन्यांचे हातात आहेत, आणि निदान एका वर्षाचे आधी गोळा करून ठेवा मगच तिला शब्द द्या. महिन्याच्या महिन्याला गोळा करून देऊ हे चालत नाही, आमच्याकडे एक मुलगी पाच महिने बिनपगारी येत राहिली होती, पैसे येतील येतील म्हणून. शेवटी ती गुजरातला कामाला गेली.

खड्डा तिसरा, ती कोण? गावात डी.एड. झालेल्या तीन असतील तर सरपंचाची पुतणी लागते. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये ठराव करून घ्या, मुख्याध्यापक आणि बाईंसमोर तिला वर्गात अर्धा तास शिकवायला लावा, आणि केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. परवानगीशिवाय बाहेरचं माणूस रोज वर्गात आलं आणि उद्या कुणी तक्रार केली तर तुम्ही पुण्यात, निस्तरणार त्या बाई.

अजून एक, हे कुणीच करत नाही म्हणून सांगतो. पैसे शिक्षकावर खर्च करा. माझं स्वतःचं इंग्रजी काय होतं हो, मी मराठी मीडियमचा डी.एड., वर्गात इंग्रजी वाक्य बोलायची मला लाज वाटायची म्हणून मी शब्द पाठ करून घ्यायचो, कारण त्यात मला बोलावं लागत नाही. पाठांतर हे शिक्षकाचं लपायचं ठिकाण आहे. काही वर्षांपूर्वी राज्यातल्या काही जिल्ह्यांत ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टचा तेजस म्हणून प्रकल्प होता, त्यात आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमायचे आणि एकमेकांशी मोडकंतोडकं का होईना इंग्रजीत बोलायचे, वर्गात काय जमलं काय नाही ते सांगायचे. ही कल्पना मला फार आवडली होती कारण तिथं कुणी साहेब नव्हता. तसं काही तुमच्या १४ जणांना करता येईल, तुम्हाला इंग्रजी येतंच. दर आठवड्याला बाईंशी फोनवर अर्धा तास इंग्रजीत गप्पा मारा. मुलांना शिकवू नका, बाईंशी बोला.

सुमन_ठाणे

मास्तर, पाठांतराचं तुम्ही जे लिहिलंय ते मी वहीत लिहून ठेवलं.

पाटील दादा, नातवंडं माझीपण इंग्लिश मीडियमलाच. लपवत नाही. पण धाकटीला शब्द वाचता येतात आणि अर्थ विचारला की गप्प, म्हणून मी तिच्यासोबत पण तीच जव्हारची पद्धत करते आता.

अवांतर: कुणाला आकाशवाणीवरचं "वी लर्न इंग्लिश" आठवतं का? पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसचा कार्यक्रम होता, झेडपीच्या शाळांत रेडिओ लावायचे, रेडिओतून प्रश्न यायचा आणि मुलांना उत्तर द्यायला मध्ये थांबायचा. माझी मावशी शिक्षिका होती, ती म्हणायची त्या रेडिओने मुलांच्या आधी मला बोलायला शिकवलं. तेच मास्तर म्हणतायत.

जमाखर्च

भावनिक चर्चा छान चाललीये, मी फक्त कागदाचं सांगतो, पेशाने सीए आहे आणि दोन संस्थांचे हिशोब बघतो.

१४ जणांचे पैसे एकाच्या सेव्हिंग खात्यात गोळा करू नका. सुरुवातीला मैत्री असते, दोन वर्षांनी स्क्रीनशॉट असतात. एक तर शाळेला लागणारी वस्तू थेट घेऊन द्या आणि मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर पोच घ्या, किंवा आधीच त्या भागात काम करणारी नोंदणीकृत संस्था गाठा आणि तिच्यामार्फत मानधन द्या. नवीन ट्रस्ट काढायच्या भानगडीत पडू नका, १ लाख ६८ हजारासाठी ऑडिट, रिटर्न, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद हे सगळं करत बसाल तर शिकवायचं राहून जाईल.

देणगीवरच्या आयकर वजावटीसाठी (ज्याला सगळे ८०जी म्हणतात) संस्थेकडून पावती आणि देणगीचं ठरलेलं प्रमाणपत्र दोन्ही मागा, नुसत्या पावतीवर वजावट मिळत नाही. २ हजारांच्या वर रोख दिलंत तर वजावट नाही. आणि तुमच्यातले बरेच जण नवीन टॅक्स रिजीममध्ये असतील, त्यांना ८०जी चा उपयोगच नाही, त्यामुळे टॅक्स वाचेल या आशेने कुणी येत असेल तर त्याला आजच सांगा.

कंपनीकडून सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) मिळेल का हा प्रश्न येणारच म्हणून: ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा, यातलं काही एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, पण ज्या संस्थेमार्फत करणार तिची सीएसआर-१ नोंदणी लागते, २०२१ पासून. तुमच्या मित्रमंडळाच्या नावाने चेक निघणार नाही. शिवाय तुम्ही शनिवारी जाऊन शिकवलंत ते तास पैशात मोजून कंपनीला सीएसआर खर्चात दाखवता येत नाहीत, एचआरवाले कितीही गोड बोलले तरी.

सरकारी मार्ग हवा असेल तर केंद्राचं विद्यांजली पोर्टल आहे, २०२१ पासून नव्या रूपात. शाळा त्यावर गरज टाकते, आपण नाव नोंदवून वेळ किंवा वस्तू देऊ करतो. राज्याची २०२३ ची दत्तक शाळा योजना पण आहे पण ती मोठ्या देणगीदारांसाठी, तुमच्या आवाक्याबाहेरची.

एडिसनची वैदेही

मी न्यू जर्सीत असते, मूळ संगमनेरची. असं काही करत असाल तर मला महिन्याला काहीतरी पाठवायचंय. इथून थेट पाठवलं तर चालतं का? आणि आठवड्यातून एकदा मी पण कॉल करू शकते पण तुमचा सकाळचा ११ म्हणजे माझी मध्यरात्र.

जमाखर्च

वैदेही, पासपोर्ट कुठला यावर आहे सगळं. भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. पण अमेरिकन नागरिक होऊन ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) घेतलं असेल तर ती परदेशी देणगी, मग ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच जाते. मित्राच्या खात्यात टाका तो पुढे देईल, हा उद्योग कृपया करू नका, संस्था गोत्यात येते. प्रत्येक संस्थेकडे एफसीआरए नसतं, आधी विचारा.

एडिसनची वैदेही

ओसीआय आहे :( म्हणजे बाईंशी इंग्रजीत गप्पा हेच माझ्यासाठी बरं दिसतंय, त्याला कुठलाच फॉर्म नाही. त्यांची संध्याकाळ माझी सकाळ. आईशी नाहीतरी तेव्हाच बोलते, तिच्यानंतर अर्धा तास.

राजूरकर_पाटील

मास्तरांनी सांगितलेलं करून बघितलं काल. माझा पोरगा गाडीने जातो, दुसरीला. त्याला न शिकवलेल्या पुस्तकाचं पान दिलं. सहा शब्द वाचले, बाकी गप्प. मग भावाची पोरगी झेडपीत तिसरीला आहे तिला दिलं. तिने चार वाचले. आता दोघांचं सारखंच म्हणायचं आणि माझी वर्षाची फी १८ हजार.

पोराला काढणार नाही अजून, बायको ऐकणार नाही. पण झेडपीत संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती ताई बसणार असेल तर गाडीची पोरं पण येऊ शकतात का? तसं केलं तर गावातलं भांडण जरा कमी होईल.

भातखाचर

पाटील, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नक्की विचारतो.

बाकी सगळ्यांना: काल बाईंशी फोनवर बोललो. फी आणि टॅब दोन्ही बाद. शनिवारची गाडी पण बाद, त्या मित्राला वाईट वाटलंय पण तो डिझेलचे पैसे ग्रुपला द्यायला तयार झालाय. एक वर्षाचे पैसे आधी गोळा होईपर्यंत कुणाला नेमायचं नाही असं ठरलं, आत्ता ९ जणांचे आलेत, ५ जण "पगार झाला की" वर आहेत. गावातल्या दोन मुलींची नावं बाईंनी सुचवलीत, समितीच्या मीटिंगला ठेवणार आहेत. वैदेही, तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाई आधी नको नको म्हणाल्या, माझं इंग्रजी ऐकून त्या हसतील म्हणाल्या. मी म्हटलं माझं पण ऐकून लोक हसायचे, व्हायव्हाला. मग बघू म्हणाल्या. त्यांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली, सुमन ताईंनी लिहिलाय तसला स्पीकर, कारण मोबाइलचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही.

मुलांसोबतचा पहिला कॉल गुरुवारी दुपारी अडीचला ठेवतोय. मी आणि अजून एक जण, आळीपाळीने, वर्षभर तोच वार.

राजूरकर_पाटील

गुरुवार नका धरू, आपल्या पट्ट्यात गुरुवारी दुपारची लाईट नसते. बुधवार धरा.